भूकंपानंतरची पांढरी

अमरकोशाने पृथ्वीची जी अनेक नावे दिली आहेत, त्यांत ‘अचला’ आणि ‘स्थिरा’ ही दोन आहेत. दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून निघणाऱ्या एका रस्त्याला कोपर्निकसचे नाव दिलेले आहे. पृथ्वी स्थिर नाही, ती सूर्याभोवती फिरते, हे या पंडिताने १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले, आणि आता ते शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. तरीसुद्धा रात्री अंथरुणावर अंग टाकताना आपण सारेच अमरकोशाच्या पक्षाचे असतो. पायाखालची भूमी अचल आहे, ही श्रद्धा बाळगल्याखेरीज माणसाला घर बांधता येत नाही. ही श्रद्धा एका रात्रीत मोडली म्हणजे माणसे पुन्हा घर कसे बांधतात, आणि बांधलेल्या घरात राहावयास नव्याने कशी शिकतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

असा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे सहसा जपान उभा राहतो, आणि ते साहजिकही आहे. परंतु हा धडा गिरविण्यासाठी मराठी माणसाला इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. तो आपल्याच मराठवाड्यात, तेरणेच्या काठी, फार मोठी किंमत देऊन गिरविला गेला आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे उशिरा झोपली होती. पहाटे चार वाजण्यास चार-पाच मिनिटे असताना लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील जमीन हादरली. उस्मानाबादचे नाव आज धाराशिव आहे. भूकंपाची तीव्रता रिश्टर मापनावर ६.३ च्या आसपास होती. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने ती मध्यमच म्हणावी लागेल. पण केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते, आणि वर निजलेल्या माणसांच्या डोक्यावर दगडमातीचा अवजड भार होता. किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, होळी, राजेगाव अशी गावेच्या गावे काही क्षणांत ढिगाऱ्यात गेली. अधिकृत गणनेप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. अन्य अंदाज याहून मोठे आहेत.

हे असे का झाले, हे समजून घ्यावयाचे तर दख्खनच्या गावाची रचना थोडी पाहिली पाहिजे. आपल्या जुन्या व्यवहारात गावच्या जमिनीचे दोन भाग मानले जात. एक काळी, म्हणजे पिकाची जमीन, आणि दुसरी पांढरी, म्हणजे वस्तीची जमीन. काळीत माणूस राबे, पांढरीत तो राही. काळी पोसणारी आणि पांढरी सांभाळणारी, अशी ही जोडी होती. पांढरी बहुधा उंचवट्यावर असे. शतकानुशतके घरे पडत, त्यांच्याच मातीवर नवी घरे उठत, आणि गावाची टेकडी थोडी थोडी वर चढत जाई. घरे एकमेकांना खेटून, गल्ल्या अरुंद, आणि बाहेरच्या बाजूस खिडक्या जवळजवळ नाहीतच. चोर, पेंढारी, दुष्काळातील लुटारू आणि पुढे निजामी राजवटीच्या अखेरच्या काळात रझाकार, या साऱ्यांचे भय या भिंतींनी पाहिले होते. भिंतीची जाडी हीच घराची सुरक्षितता, असे अनुभवाने ठरून गेले होते. दोन-अडीच फूट, कोठे कोठे त्याहूनही रुंद भिंत, आत ढाळज, चौक आणि लाकडी खांबांच्या खणांवर टेकलेले मातीचे माळवद, असे ते घर होते.

हे घर बांधणारे लोक अडाणी नव्हते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जाड भिंत व मातीचे माळवद यांइतका थंडावा दुसऱ्या कशानेही मिळत नाही. उन्हाळ्यात त्याच माळवदावर धान्य, मिरच्या, पापड वाळत, आणि रात्री त्याच्यावरच बिछाने पडत. घर म्हणजे केवळ निवारा नसून कोठार, अंगण आणि तटबंदी ही सारी त्याच वास्तूत सामावलेली होती. उन्हाविरुद्ध, चोराविरुद्ध आणि काळाविरुद्ध ही वास्तू उत्तम होती. हादऱ्याविरुद्ध ती बांधलेलीच नव्हती, कारण तसा हादरा कोणाच्या आजोबांनी पाहिला नव्हता.

घरे का पडली, याची चिकित्सा पुढे स्थापत्यशास्त्रज्ञांनी केली. ती प्रत्येक गृहस्थाने समजून घेण्यासारखी आहे. त्या भिंती बाहेरून एकसंध दिसत असल्या तरी पुष्कळदा त्या दोन स्वतंत्र भिंती असत. दर्शनी बाजूस दगडांचा एक थर, आतल्या बाजूस दुसरा, आणि मध्ये बारीक दगड व माती यांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधूनमधून बसवावयाचे असतात. ते बसवण्यात वेळ व कष्ट लागतात, आणि अनेक घरांत ते बसवलेले नव्हते. कोपऱ्यावर दोन भिंती एकमेकींत गुंतवलेल्या नव्हत्या. सांध्यात चुन्याऐवजी माती होती. वर माळवदाची माती गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे थरावर थर देऊन जाड झालेली होती. एक फूट जाडीच्या मातीचा हिशेब केला तरी दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीच्या डोक्यावर पन्नास क्विंटलांहून अधिक वजन येते. जमीन हलताच भिंतीचे दोन पदर सुटले, एक आत व एक बाहेर कोसळला. काही घरांत लाकडी खांबांचा सांगाडा उभा राहिला आणि भोवतालच्या भिंती पडल्या, तर बहुतेक ठिकाणी माळवदही खाली आले. शतकानुशतके ज्या जाडीने गावाचे रक्षण केले, तीच जाडी त्या पहाटे जीवघेणी ठरली.

शासनाचे आणि शास्त्राचेही या बाबतीत अमरकोशाशी एकमत होते. दख्खनचे पठार हे प्राचीन, कठीण व स्थिर, म्हणून भूकंपाच्या राष्ट्रीय नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या श्रेणीत घातलेला होता. वास्तविक ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या भूकंपाने हे पठार हलू शकते, हे दाखवून दिले होते. पण कोयनेचा संबंध धरणाच्या जलाशयाशी लावण्यात आला, आणि धरणापासून दूर असलेली गावे आपण निर्धास्त आहोत असे मानत राहिली. किल्लारीच्या परिसरातही १९९२ च्या ऑक्टोबरात लहान धक्के बसले होते. पुढे २००२ साली नकाशा सुधारला गेला. पहिली श्रेणीच रद्द झाली आणि किल्लारीचा प्रदेश तिसऱ्या श्रेणीत गेला. शास्त्राने आपले मत बदलले, आणि हा शास्त्राचा मोठेपणाच आहे. पण गवंड्याच्या हाताची सवय नकाशा बदलल्याने बदलत नाही.

भूकंपानंतर महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा जो कार्यक्रम आखला, तो आपल्या देशातील तोवरच्या अशा कार्यांत फार मोठा होता. त्याच्या दोन वाटा होत्या, आणि त्या दोन वाटांची तुलना हीच मला या इतिहासातील सर्वांत बोधप्रद गोष्ट वाटते.

पहिली वाट स्थलांतराची. ५२ गावे अशी होती, की ढिगारे उपसून तेथेच राहावे ही कल्पना गावकऱ्यांना सहन होत नव्हती. ज्या मातीत घरची माणसे गाडली गेली, त्या मातीवर पुन्हा चूल मांडावयाची कशी? ही गावे नव्या जागी वसवण्यात आली. शासनाने, धर्मादाय संस्थांनी, उद्योगसमूहांनी आणि देशोदेशींच्या दात्यांनी ती बांधली. सरळ रुंद रस्ते, चौकोनी भूखंड, सिमेंटची भूकंपरोधक घरे. गुबाळ या गावी तर घुमटाच्या आकाराची घरे उभी राहिली. घराचे क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवरून ठरले. भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४००, आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यास ७५० चौरस फूट.

या नियमाची अडचण तेव्हाच्या अधिकाऱ्यांना दिसत नसेल असे मला वाटत नाही. घाईने, हजारो कुटुंबांना, वाद न होता घर वाटावयाचे तर सातबाराच्या उताऱ्याइतका हाताशी असलेला आणि सर्वांना मान्य होणारा दुसरा आधार नव्हता. शासनात काम करणारा माणूस हे जाणतो, की मोजता येते तेवढेच वाटता येते. परंतु परिणाम असा झाला, की निसर्गाने एका रात्रीत सर्वांना समान करून सोडले असता नवी पांढरी जुन्या काळीच्या प्रमाणात मोजली गेली. जुन्या गावी भूमिहीनाचे घर लहान होते ते त्याच्या दैवाने. नव्या गावी ते लहान झाले आदेशाने. बऱ्याच ठिकाणी मोठी घरे एका भागात व लहान घरे दुसऱ्या भागात, अशी रचना होऊन जुने वाडे नव्या नकाशात स्पष्ट रेषांनी उमटले.

दुसरा प्रश्न राहण्याच्या रीतीचा होता. जुने गाव दाट होते. दळण सरता सरता शेजारणीशी बोलता येई, पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला अर्धे गाव दिसे. नवे गाव जुन्याच्या कित्येक पट पसरले. शेत दूर गेले, देऊळ दूर गेले, शेजार बदलला. रस्ते इतके रुंद झाले, की समोरासमोरच्या ओट्यांवरून संभाषण होईना. घरात बैल बांधावयास, कडबा रचावयास, धान्य साठवावयास जागा नव्हती. बाळंतिणीला आडोसा नव्हता, आणि उन्हाळ्यात सिमेंटचे छत दिवसभर तापून रात्री उष्णता सोडीत असे. तेव्हा माणसांनी जे करावयाचे तेच केले. ती जुन्या गावच्या ढिगाऱ्यांकडे परत गेली. तेथून दगड आणले, सागाचे खांब आणले, आणि नव्या घराला लागून गोठा, न्हाणी, स्वयंपाकघर, बसावयाची पडवी उभी केली. भूकंपरोधक घराच्या पोटाशी तीच सैल दगडांची भिंत पुन्हा येऊन बसली.

याला कृतघ्नपणा म्हणणे सोपे आहे. पण विचार केला तर असे दिसते, की या लोकांना घर मिळाले होते, घरामागचे ज्ञान मिळाले नव्हते. दगडाने मारले, सिमेंटने वाचवले, एवढाच ढोबळ अर्थ त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. वस्तुतः मारले ते दगडाने नव्हे. मारले ते दगड एकमेकांना न बांधण्याने, आणि सिमेंटही नीट न बांधले तर तेच करील. भयातून जी समजूत येते ती भय ओसरले की ओसरते. कारण कळल्याने जी समजूत येते ती मात्र पुढच्या पिढीला सांगता येते.

दुसरी वाट होती दुरुस्ती व मजबुतीची. १३ जिल्ह्यांत सुमारे अडीच हजार गावांतील जवळजवळ एक लाख नव्वद हजार घरे अशी होती, की ती पडली नव्हती, पण दुभंगली होती किंवा कच्ची होती. तेथे ठेकेदार आला नाही. घरमालकाला अनुदान हप्त्याहप्त्याने मिळाले, अभियंत्याने मार्गदर्शन केले, आणि बांधकाम मालकाने आपल्या गवंड्याकडून करून घेतले. माळवदाची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड घालणे, दारे-खिडक्यांच्या वरून घराला कमरपट्ट्यासारखा काँक्रीटचा पट्टा फिरवणे, खांब व तुळई यांच्या सांध्याला तिरपे आधार देणे, अशी ती कामे होती. एकेक काम लहान, पण ते करताना गवंड्याला आणि घरधन्याला ‘का’ असे विचारावे लागे आणि ‘का’ ते समजून घ्यावे लागे.

येथे स्त्रियांनी जे कार्य केले त्याचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने चाललेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे या कार्यक्रमात लोकसहभागाचे काम सोपवण्यात आले. गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. ज्यांनी तोवर ग्रामसभेत तोंड उघडले नव्हते, त्या स्त्रिया अनुदानाचा हप्ता कोठे अडला हे विचारू लागल्या, शेजारच्या घराची भिंत पाहून आरपार दगड बसवला की नाही हे तपासू लागल्या. दिवसाचा अधिक वेळ घरात घालवणारी व्यक्ती स्त्री, पण घर बांधताना तिचे मत कधी घेतले गेले नव्हते. भूकंपाने ही रीत काही गावांत तरी बदलली. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातील अशा स्त्रिया तेथे जाऊन आपला अनुभव सांगून आल्या. गुजरातनेही पुनर्बांधणीचा मोठा भाग घरमालकांच्याच हाती सोपवला.

आता जपानकडे पाहू. किल्लारीनंतर अवघ्या सोळा महिन्यांनी, १७ जानेवारी १९९५ रोजी, तशाच पहाटेच्या वेळी कोबे शहर हादरले. ६,४०० हून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांतील फार मोठा वाटा जुन्या लाकडी घरांखाली चिरडलेल्यांचा होता. या घरांवर वादळात उडू नयेत म्हणून मातीत बसवलेली जड कौले होती. एका भयाविरुद्ध घातलेले वजन दुसऱ्या संकटात जीवघेणे ठरले. मराठवाड्याचे माळवद आणि जपानचे कौलारू छप्पर यांची ही कथा एकच आहे. १९८१ साली जपानने बांधकामाचे नियम कडक केले होते, आणि त्यानंतर बांधलेल्या इमारती कोबेत पुष्कळच टिकल्या. जुन्या घरांना मजबुती देण्याचा कायदा मात्र भूकंपानंतर, १९९५ मध्येच झाला.

कोबेने दुसरीही एक गोष्ट शिकवली. वृद्धांना तात्पुरत्या घरांत अग्रक्रमाने जागा दिल्या गेल्या. हेतू चांगला होता, पण त्यामुळे जुना शेजार मोडला, आणि अनेक वृद्ध बंद दाराआड एकाकी मरण पावले. ही खंत जपानी प्रशासनाने विसरली नाही. २००४ साली निइगाता प्रांतात भूकंप होऊन यामाकोशी हे डोंगरातील गाव रिकामे करावे लागले, तेव्हा तात्पुरती घरे देताना एका वाडीतील माणसे एकत्र राहतील अशी काळजी घेण्यात आली. भिंतीसारखाच शेजारही मजबूत बांधावा लागतो, हे तेथील शासनाला नऊ वर्षांत समजले.

जपानची तिसरी गोष्ट स्मरणाची. आनेयोशी नावाच्या एका किनारी वस्तीत १९३३ च्या त्सुनामीनंतर एक शिळा उभारण्यात आली आणि तिच्या खालच्या बाजूस घर बांधू नये असे तीवर कोरण्यात आले. वस्तीने ते मानले. ११ मार्च २०११ रोजी समुद्र पुन्हा चढून आला तो त्या शिळेच्या खालीच थांबला, आणि वरची घरे वाचली. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे, की अशा शिळा त्या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी आहेत आणि कित्येक ठिकाणी लोक त्या विसरून खाली उतरले होते. नुसता कोरलेला दगड वाचवीत नाही. तो दर पिढीला वाचून दाखवावा लागतो. १९२३ सालच्या १ सप्टेंबर रोजी तोक्यो व योकोहामा उद्ध्वस्त करणारा भूकंप झाला. १९६० पासून तो दिवस जपानमध्ये आपत्तिनिवारण दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळा, कचेऱ्या व कारखाने यांत माणसे संकटकाळी कसे वागावयाचे याची तालीम करतात. शोक आणि सराव यांची त्यांनी एकाच दिवशी सांगड घातली आहे.

किल्लारीच्या परिसरातही दरवर्षी ३० सप्टेंबरला मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. तीत गांभीर्य असते, अश्रू असतात. सराव मात्र नसतो. त्या रात्री जन्मलेली मुले आज तिशी ओलांडून स्वतःची घरे बांधीत आहेत. त्यांनी ढिगारा पाहिलेला नाही, आणि त्यांच्या गवंड्यानेही पाहिलेला नाही. देशाने २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा केला, जिल्ह्याजिल्ह्यांत आराखडे झाले. त्यांचे महत्त्व कमी नाही. परंतु ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले, आणि त्याची नवी वसाहत २०१७ साली लोकांच्या हाती आली, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात तेथील रस्ते व भराव खचले. जागा, माती, उतार आणि राहणारा माणूस यांचा एकत्र विचार करावयाचा, हा किल्लारीचा धडा अद्याप आपल्या अंगवळणी पडलेला नाही.

मला सुचवावयाचे आहे ते फार खर्चाचे नाही. ३० सप्टेंबरच्या श्रद्धांजलीनंतर गावच्या गवंड्याने शाळेच्या पटांगणात दीड फूट रुंदीची, हातभर उंचीची एक भिंत मुलांसमक्ष बांधावी. आरपार दगड कोठे घालावयाचा, कोपरा कसा गुंतवावयाचा हे सांगावे, आणि मुलांनी ते घरी जाऊन आईला सांगावे. ज्या स्त्रियांनी १९९४ नंतर भिंती तपासल्या, त्यांतील अनेक आज आजी आहेत. त्यांना त्या दिवशी बोलते करावे. दिल्ली, इंदूर, बडोदे येथे राहणाऱ्या मराठी श्रोत्यांनीही हा विषय दूरच्या खेड्याचा समजू नये. २००२ च्या नकाशात दिल्ली चौथ्या श्रेणीत, म्हणजे किल्लारीहून अधिक धोक्याच्या श्रेणीत आहे, आणि आपण ज्या इमारतीत निजतो तिचे खांब कसे बांधले आहेत हे आपल्यापैकी फार थोड्यांनी विचारले असेल.

जुन्या लोकांनी काळी आणि पांढरी असे दोन शब्द केले, कारण पिकवणे आणि राहणे ही दोन्ही त्यांना सारखीच शिकण्याजोगी कामे वाटत होती. काळीची विद्या आपण पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे देत आलो. पांढरीची विद्या आता तशीच द्यावी लागेल.